आल्यावर बघू!

"मावशी, डेट पुढं गेली!"

२०२५ च्या नोव्हेंबरातली सकाळ. मी डबे भरण्याच्या घाईत. भाचा अंथरुणातून उठून, फोन हातात धरून थेट स्वयंपाकघराच्या दारात उभा. मला वाटलं, विद्यापीठाची परीक्षा पुढे गेली. "बरंच झालं की," मी म्हटलं, "अभ्यासाला चार दिवस जास्तीचे मिळाले."

"परीक्षेची नव्हे गं. जीटीए सिक्सची!"

जीटीए म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो' नावाचा व्हिडिओ गेम. मोठ्या माणसांसाठीचा, लहान मुलांच्या हाती देण्यासारखा नव्हे. त्याचा पाचवा भाग २०१३ साली आला. पुढच्या भागाचं काम चालू असल्याचं कंपनीने २०२२ मध्ये सांगितलं आणि २०२३ च्या डिसेंबरात पहिला ट्रेलर दाखवला. आधी तो २०२५ मध्ये येणार होता. मग २६ मे २०२६ ही तारीख ठरली. आणि आता रातोरात तीही मोडून १९ नोव्हेंबर २०२६ अशी नवी तारीख जाहीर झाली होती. ठरलेलं लग्न दोनदा पुढे गेल्यावर मुलीच्या बापाचा व्हावा, तसा त्याचा चेहरा झाला होता.

मला आधी हसू आलं आणि मग, खरं सांगते, राग आला. जी वस्तू बाजारात आलेली नाही, जिला याने हात लावलेला नाही, तिच्यासाठी एवढी हळहळ? आणि मागच्या सेमिस्टरला एक विषय बॅक राहिला, त्याची हळहळ कुठे आहे?

हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण धारवाडला दिली आहे. त्यांच्या घरी कन्नड. इंजिनिअरिंगसाठी तो बेळगावला आला आणि आमच्याकडे राहिला. तिसऱ्या वर्षाला आहे. आईशी फोनवर मराठी, वडिलांशी कन्नड, मित्रांशी दोन्हींची खिचडी, आणि गेमबद्दल बोलू लागला की कुणालाच न कळणारी चौथी भाषा. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत असा एक तरी असतोच.

विषय बॅक राहिल्याचं कळल्यापासून भावोजींचे फोन वाढले होते. भावोजी मला 'टीचर' म्हणतात. त्यांचं म्हणणं साधं होतं : "टीचर, तुम्ही त्याला चार शब्द सांगा. तो खेळाचा डबा बांधून धारवाडला पाठवून द्या. नाहीतर रविवारी मी येतो आणि घेऊन जातो." डबा म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र. वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवते मी. विद्यार्थ्यांना चार शब्द सांगणं हा माझा रोजचा धंदा. म्हणून त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी त्याच्या खोलीत गेले.

तीन रकान्यांची वही

तो खाली दूध आणायला गेला होता. टेबलावर एक जाड वही उघडी होती. नोट्स असतील म्हणून मी पाहिली. पान आखलेलं होतं, तीन रकाने, आणि वर कन्नडमध्ये मथळे : 'हेळिद्दु', 'तोरिसिद्दु', 'कोट्टिद्दु'. म्हणजे सांगितलं ते, दाखवलं ते, दिलं ते.

प्रत्येक पानावर एका गेमचं नाव. कंपनीने मुलाखतीत काय काय सांगितलं, ते पहिल्या रकान्यात, तारखेसह. ट्रेलरमध्ये किंवा जाहीर कार्यक्रमात प्रत्यक्ष काय दाखवलं, ते दुसऱ्यात. आणि गेम आल्यावर त्यातलं काय हाती पडलं, ते तिसऱ्यात. बऱ्याच पानांवर तिसरा रकाना कोरा होता, कारण ते गेम अजून आलेच नव्हते.

मी माझ्या विद्यार्थ्यांना कंपन्यांचे ताळेबंद वाचायला शिकवते. शब्द वेगळे, आकडे वेगळे आणि हातात आलेली रोकड वेगळी, हे त्यांच्या डोक्यात उतरवता उतरवता सेमिस्टर संपतं. इथे माझ्याच घरात, ज्याला मी 'वाया चाललाय' म्हणत होते, त्याने ते कुणी न सांगता करून ठेवलं होतं.

तो परत आला. वही माझ्या हातात बघून आधी लाजला. मग मी विचारलं, "हे काय रे?" आणि तो जे बोलू लागला ते साडेअकरापर्यंत. चार शब्द सांगायला गेलेली मी, चारशे ऐकून आले.

हात भाजला तेव्हा

वहीची सुरुवात २०२० ची. तो तेव्हा दहावीत. लॉकडाऊन, शाळा मोबाइलवर. चुलतभावाने जुनं यंत्र देऊन टाकलेलं. एका मोठ्या गेमची जाहिरात त्याने पाहिली. नाव मी इथे सांगत नाही. आज्जीने सणाला दिलेले पैसे, वाढदिवसाचे पैसे, सगळे साठवून त्याने तीन महिने आधी दुकानात आगाऊ भरले. आगाऊ भरणाऱ्याला म्हणे खेळातल्या वीराचा एक खास अंगरखा फुकट मिळणार होता.

गेम आला. याच्या जुन्या यंत्रावर तो अडखळत चालायचा. माणसं अर्धी दिसायची, गाड्या रस्त्यात बुडायच्या, दर तासाला सगळं बंद पडायचं. दुकानदार म्हणाला, फोडलेली डिस्क परत घेत नाही. पोरगं रडलं नाही, पण दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं, असं बहीण सांगते.

तेव्हा धारवाडच्या आज्जी त्याला म्हणाल्या होत्या, "बंद म्याल नोडूणु अंत मदलs हेळिद्दिल्लेनु नान?" आल्यावर बघू, असं आधीच म्हटलं नव्हतं का मी? हे आज्जींचं पेटंट वाक्य. पावसाचं असो, पाहुण्यांचं असो, सरकारी योजनेचं असो, त्यांचं उत्तर हेच : बंद म्याल नोडूणु. माझी आई कोल्हापूरकडची. सोयरीक झाली त्या सुमारास हे वाक्य ऐकून ती घाबरली होती. तिला वाटलं, विहीणबाई सारखं काय 'बंद' करायला सांगतात!

आज्जींच्या त्या वाक्यावरून भाच्याने वही घातली. तेव्हापासून त्याने एकाही गेमला आगाऊ पैसे भरलेले नाहीत.

अठरावर अठरा शून्यं

"मग तू न आलेल्या गेमवर मतं कशाच्या जोरावर देतोस?" मी विचारलं.

"मत गेमवर नसतंय गं मावशी. ते लोक काय बोलतात आणि काय दाखवतात, त्यावर असतंय."

त्याने 'नो मॅन्स स्काय'चं पान काढलं. इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड गावची हॅलो गेम्स ही छोटी मंडळी. २०१३ च्या डिसेंबरात त्यांनी पहिल्यांदा हा गेम दाखवला. अवकाशात हिंडायचं, आणि ग्रह किती? अठरावर अठरा शून्यं ठेवा, तितके. ते हाताने काढलेले नव्हते, गणिताच्या सूत्रांतून संगणक तयार करणार होता. जग वेडं झालं. प्रमुखांना मुलाखतींत जे जे विचारलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना होकार येत गेला. दुसरा खेळाडू भेटेल का? संभव कमी, पण भेटेल, असं लोकांना वाटत राहिलं.

ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला. पहिल्या दिवशीच दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले. एकमेकांना दिसलेच नाहीत. ती सोय गेममध्ये नव्हतीच. खेळणाऱ्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. जाहिरातीविरुद्धच्या तक्रारी ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेपर्यंत गेल्या. संस्थेने त्या फेटाळल्या, पण नाव जायचं ते गेलंच.

"इथं पान संपायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "पण संपलं नाही." त्या मंडळींनी काही काळ तोंड मिटून घेतलं आणि काम चालू ठेवलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिली मोठी सुधारणा दिली. जुलै २०१८ मध्ये खेळाडू खरोखर एकमेकांना भेटू लागले. पुढे वर्षानुवर्षं सुधारणा येत राहिल्या, आणि सगळ्या फुकट. सुरुवातीला ज्या दुकानात खेळणाऱ्यांनी या गेमला सर्वांत खालचा शेरा दिला होता, तिथेच २०२४ मध्ये तो 'खूप चांगला'वर पोचला.

भाच्याचा तिसरा रकाना या पानावर भरून पाठीमागे गेला होता. शेवटी त्याने लिहिलं होतं : 'बोलण्यात चुकले. कामात नाही.'

सॅम्पल फ्लॅट

दुसरं मोठं पान 'सायबरपंक २०७७'चं. पोलंडची कंपनी. २०१२ मध्ये घोषणा झाली. २०१३ च्या पहिल्या झलकेत त्यांनी तारीखच दिली नव्हती. तयार होईल तेव्हा येईल, एवढंच म्हटलं होतं. "हे त्यांचं सगळ्यांत खरं वाक्य," भाचा म्हणाला. मग तारखा सुरू झाल्या. १६ एप्रिल २०२०, १७ सप्टेंबर, १९ नोव्हेंबर, आणि अखेर १० डिसेंबर. तोवर ऐंशी लाख लोकांनी आगाऊ नोंदणी करून ठेवलेली.

चांगल्या, महागड्या संगणकावर गेम ठीक चालला. जुन्या यंत्रांवर त्याची दैना झाली. आठवडाभरात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. तो तिथे परतायला जून २०२१ उजाडला. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाने जाहीर माफी मागितली. सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या सुधारणेनंतर मात्र लोकांनी याच गेमला डोक्यावर घेतलं.

"यात आधी ओळखता येण्यासारखं काय होतं?" माझा शिक्षकी प्रश्न.

तो म्हणाला, "होतं की. परीक्षण करणाऱ्यांना आधी फक्त संगणकावरची प्रत दिली. जुन्या यंत्रावरची दिलीच नाही. जे दाखवत नाहीत, तिथंच गडबड असते."

मग त्याने मला गेम कसा तयार होतो ते समजावलं. आधी कच्चा नमुना. मग एक छोटा तुकडा पूर्ण रंगरंगोटी करून तयार करतात, पैसे लावणाऱ्यांना आणि लोकांना दाखवायला. तो तुकडा खोटा नसतो, पण सगळा गेम तसा होईलच असंही नसतं. "म्हणजे बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट," मी म्हटलं. तो खूश झाला. 'वॉच डॉग्ज' नावाचा गेम २०१२ मध्ये दाखवला तेव्हा जितका देखणा होता, तितका २०१४ मध्ये हाती आल्यावर राहिला नव्हता, हे त्याचं उदाहरण.

आणि तारखा का मोडतात? हजारो भाग वेगवेगळे तयार होतात. वेगळे असताना प्रत्येक नीट चालतो. सगळे एकत्र जोडले की भांडायला लागतात. एक चूक काढली की दुसरीकडे दोन निघतात. शेवटच्या टप्प्यात माणसं वाढवली म्हणून काम लवकर होत नाही, कारण नव्या माणसाला शिकवण्यातच जुन्याचा वेळ जातो. तारीख बहुतेक वेळा काम करणारे ठरवत नाहीत, सणासुदीचा बाजार आणि कंपनीचं आर्थिक वर्ष ठरवतं. त्यामुळे तारीख पुढे गेली की याला वाईट वाटतं, पण राग येत नाही. "अर्धकच्चं वाढण्यापेक्षा उशिरा वाढलेलं बरं," हे त्याचं मत.

उशिरालाही हद्द असते, हेही त्याला मान्य आहे. 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर' १९९७ मध्ये जाहीर झाला आणि २०११ मध्ये आला. मध्ये मूळ कंपनीने सगळी टीम घरी पाठवली होती. चौदा वर्षं थांबून जे मिळालं ते शिळं निघालं. 'स्टार सिटिझन'साठी २०१२ पासून लोकांकडूनच पैसे गोळा होत आहेत. २०२५ पर्यंत हा आकडा ऐंशी कोटी डॉलरच्या पुढे गेला होता, आणि तेव्हाही गेम पूर्ण झालेला नव्हता. त्या पानावर भाच्याने पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : 'भिशी?'

ज्यांनी तोंड बंद ठेवलं, ज्यांनी दार उघडं ठेवलं

त्याच्या आवडीची पानं दोन.

एक 'हॉलो नाइट : सिल्कसाँग'. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडची टीम चेरी, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. आधीच्या गेमची पुरवणी म्हणून सुरू केलेलं काम वाढत गेलं, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी तो स्वतंत्र गेम म्हणून जाहीर केला. मग वर्षानुवर्षं जवळजवळ काहीच बातमी नाही. चाहते वेडेपिसे झाले. गेम्सचा कुठलाही जाहीर कार्यक्रम असला की 'सिल्कसाँग कुठे आहे' हा प्रश्न यायचाच. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी तारीख सांगितली, ती अवघी दोन आठवड्यांनंतरची. ४ सप्टेंबरला गेम आला, तेव्हा झुंबडीने मोठमोठी ऑनलाइन दुकानं काही वेळ बंद पडली. किंमत वीस डॉलर, आगाऊ नोंदणी नाही. एवढा उशीर का, असं विचारल्यावर त्यांचं सांगणं होतं की काम करताना मजा येत होती, नवं नवं सुचत होतं.

"बंद म्याल नोडूणु म्हणणारी कंपनी," भाचा म्हणाला. "आज्जीला आवडली असती."

दुसरं 'बाल्डर्स गेट ३'. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचं काम. यांनी उलटं केलं. ऑक्टोबर २०२० मध्ये गेमचा फक्त पहिला भाग विकायला ठेवला आणि स्पष्ट सांगितलं : हा अपुरा आहे, चुका आहेत, थांबायचं असेल तर थांबा. घेणाऱ्यांनी खेळून चुका कळवल्या, सूचना केल्या. कंपनी ते वाचत गेली, बदलत गेली. जवळपास तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये गेम पूर्ण झाला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट गेमचा मोठा पुरस्कार त्याने मिळवला.

अशा 'अर्ली अ‍ॅक्सेस'मध्ये, म्हणजे अपुरा गेम आधी घेऊन खेळण्यात, भाच्याची मतं खरी कामाला येतात. एका छोट्या गेमला त्याने पाठवलेली तक्रार त्याने मला दाखवली. चार ओळींची. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, माझं यंत्र कुठलं. शिवी नाही, टोमणा नाही. मी म्हटलं, "सगळे असंच लिहितात?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "नाही. २०२० मध्ये सायबरपंकची तारीख पुढं गेली तेव्हा काम करणाऱ्यांना जिवे मारायच्या धमक्या आल्या. २०१६ मध्ये नो मॅन्स स्काय लांबल्याची नुसती बातमी देणाऱ्या पत्रकारालाही आल्या. मावशी, आत माणसं असतात हे लोक विसरतात."

त्या रात्री झोप लागेपर्यंत मला ती चार ओळींची तक्रार आठवत राहिली. गेली वीस वर्षं मी उत्तरपत्रिकांवर 'असमाधानकारक' असा शिक्का मारावा तसा शेरा मारते. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे किती वेळा लिहिलं?

पुण्याची राजी

वहीत आपल्याकडचं काही आहे का, असं मी विचारलंच. होतं. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. भावाला, गोलूला, राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली राजी नावाची मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू, आणि राजस्थानी धाटणीचे वाडे-किल्ले. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, खेळून बघायला नमुनाही दिला. वर्गणी पुरी झाली नाही. तरी गेम थांबला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो एका यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये इतरांवर आला. त्या वर्षी जागतिक पुरस्कारांत पदार्पणातल्या उत्तम गेमच्या नामांकनांत त्याचं नाव होतं.

मला वाटलं, इथे तरी हा कौतुकाचे पूल बांधील. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं : 'दिसायला अप्रतिम. मारामारी बरी. शेवट घाईत उरकलेला, लहान वाटतो.'

"अरे, आपल्या पुण्याचा ना?"

"म्हणूनच तर. आपला म्हणून मार्क वाढवायचे नाहीत, आणि आपला म्हणून कापायचेही नाहीत."

२०२५ च्या नोव्हेंबरातच त्याचा पुढचा भाग, 'राजी : कलियुग', जाहीर झाला. त्याचं पान त्याने नुकतंच आखलं होतं. पहिल्या रकान्यात दोन ओळी, दुसऱ्यात ट्रेलरच्या चार, तिसरा कोरा.

भावोजींची साईट

रविवारी भावोजी आले. हातात पेढ्यांचा बॉक्स, चेहऱ्यावर आषाढ. भाचा लॅबच्या कामाला कॉलेजला गेला होता. डबा बांधायला दोरीसुद्धा आणली होती त्यांनी. मी चहा दिला आणि शेजारी वही ठेवली. वही दाखवू का, हे भाच्याला आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं.

भावोजींनी आधी नुसती पानं उलटली. मग चष्मा काढून पुसला, लावला आणि पहिल्यापासून वाचायला लागले. 'हेळिद्दु, तोरिसिद्दु, कोट्टिद्दु' हे शब्द त्यांनी दोनदा मोठ्याने म्हटले. चहावर साय आली.

"टीचर," ते म्हणाले, "आमच्या साईटची गोष्ट तुम्हाला माहीत आहे का?"

आपल्याकडे प्लॉटला साईट म्हणतात, ते वाचकांना सांगायला नको. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी एका नव्या लेआउटमध्ये साईट घेतली. रंगीत कागदावर बाग होती, देऊळ होतं, तीस फुटी रस्ते होते. पहिल्या शंभरांत पैसे भरणाऱ्याला चांदीचं नाणं. यांनी सगळी रक्कम आगाऊ भरली. नाणं मिळालं. साईटवर अजून गवत आणि चार दगड आहेत, आणि कागदपत्रांसाठी हेलपाटे चालू आहेत. बहिणीने हे मला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

"ही वही मला तेव्हा पाहिजे होती," भावोजी म्हणाले.

मी अर्थशास्त्राची बाई. मला यातलं शास्त्र दिसत होतं. वस्तू मोजक्या असतील, आपल्या वाट्याला येणार नाहीत अशी भीती असेल, तर आगाऊ पैसे भरण्यात अर्थ आहे. पण गेम आता इंटरनेटवरून उतरवून घेतात. तो संपत नाही, पहिल्याला मिळतो तितकाच लाखाव्याला मिळतो. तरी आगाऊ मागतात, कारण पैसे हातात आले की धोका विकणाऱ्याच्या डोक्यावरून उतरून घेणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. अंगरखा काय, चांदीचं नाणं काय, काम एकच : माल बघण्याआधी हात खिशात घालायला लावणं.

ज्यांच्या घरी असा गेमवाला आहे, त्या पालकांना म्हणूनच एवढं सांगावंसं वाटतं. गेम आल्यावर आठवडाभर थांबायला शिकवा. परीक्षणं वाचू द्या, आणि आपल्याच यंत्रावर तो कसा चालतो ते बघू द्या. संगणकावरच्या 'स्टीम' या दुकानाने २०१५ मध्ये एक नियम केला : घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. असे नियम प्रत्येक दुकानाचे वेगळे असतात, ते घेण्याआधी वाचायचे. आणि एकदा तरी मुलाला विचारा, तुला हा गेम चांगला का वाटतो? उत्तर कळलं नाही तरी ऐका.

नवीन पान

दुपारी भाचा आला. वडिलांना वही वाचताना बघून दारातच थबकला. भावोजी हे भाषण देणारे गृहस्थ नव्हेत. ते एवढंच म्हणाले, "चेन्नागि बरदीदी." छान लिहिलंयस. मग लगेच, "डबा मात्र मी नेणार. परीक्षा झाल्यावर परत."

भाचा काही बोलणार होता. मी डोळ्यांनी गप्प केलं. तसा तो हसला आणि म्हणाला, "आयतु." ठीक आहे.

जेवणं झाल्यावर भावोजींनीच वही मागितली. एक नवं पान काढलं, पट्टी घेऊन तीन रकाने आखले आणि वर मुलाचं नाव घातलं. पहिल्या रकान्यात त्याने स्वतः लिहायचं होतं. त्याने लिहिलं : बॅकचा विषय या वेळी सुटेल. दुसरा रकाना रोजच्या अभ्यासासाठी, तो दर रविवारी फोनवर वडिलांना सांगून भरायचा ठरला.

मी ते पान बघत होते. आम्ही शिक्षक आणि पालक उठल्यासुटल्या अर्ध्या घडलेल्या मुलांवर पुरी मतं देतो. हा हुशार, तो वाया गेलेला, ती काही करणार नाही. सांगितलेलं आणि दाखवलेलं एवढ्यावरच आमचा तिसरा रकाना आम्ही भरून मोकळे. मीही हेच केलं होतं, याच मुलाबद्दल, याच घरात.

संध्याकाळच्या बसने भावोजी निघाले. काखेत दोरीने बांधलेला डबा. भाचा स्टँडपर्यंत सोडायला गेला. मी रात्री धारवाडला फोन लावला, तर आज्जींनीच उचलला. मी सगळं सांगितलं. नातू या वेळी पास होईल, असंही म्हटलं.

आज्जी नेहमीसारख्या थोडं थांबल्या.

"बंद म्याल नोडूणु," त्या म्हणाल्या.